डाव्या बाजूची नळी

भाऊजींनी ती इस्त्री माझ्यापुढे टेबलावर ठेवली तेव्हा मला आधी हसूच फुटलं. इस्त्रीला शेपूट होतं. मागून निघालेली रबरी नळी टेबलावरून खाली उतरत होती आणि फरशीवर दोन वळसे घेऊन भिंतीतल्या गॅसच्या चावीला जाऊन भिडत होती.

“आधी हातात धर, मग हस,” भाऊजी म्हणाले.

“चावली तर?”

“ठिणगे, तुला चावायची कुणाची हिंमत आहे?”

ठिणगी हे माझं खरं नाव नाही, पण लाँड्रीत कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर मी वळूनही बघणार नाही. कामाला लागले त्याच आठवड्यात माझ्या इस्त्रीतली ठिणगी एका गिऱ्हाइकाच्या कोऱ्या शर्टावर पडली. मालकीणबाई ओरडल्या, तर मीच उलटून त्यांच्यावर ओरडले, की ओला कोळसा आणता कशाला. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा गॅसच्या नळांचा. रस्त्यावरचे दिवे, घरांतले दिवे, आमच्या लाँड्रीच्या छताला टांगलेले दिवे, सगळीकडे नळ वाकवत, जोडत आणि गळती हुंगत फिरायचं. माणूस बोलायला कमी आणि वासाला तरबेज. ताई त्यांची चेष्टा करायची, की यांनी मला बघून पसंत केलंच नाही, हुंगून केलं.

ताईला जाऊन दोन हिवाळे झाले होते.

गॅसच्या इस्त्रीची कल्पना मुळात तिचीच. आमच्या दालनात लांबलचक टेबलं आहेत आणि एका टोकाला निखाऱ्यांची शेगडी. इस्त्रीचं झाकण उघडायचं, पोटात निखारे भरायचे, झाकण लावायचं, हलवून हलवून फुलवायचं आणि कापडावर फिरवायची. निखारे विझत आले की पुन्हा शेगडीपाशी रांग. खिडक्या उघडायची सोय नाही, कारण वारा आला की राख उडते आणि धुतलेल्या चादरींवर बसते. मग सगळ्या बायका त्या धुरात डोकं धरून काम करतात. ताईची छाती आधीच नाजूक. एकदा खोकून खोकून तिचे डोळे पाण्याने भरले होते आणि भाऊजी नेमके शिडीवर चढून दिवा नीट करत होते. ती वर बघून म्हणाली, “अहो, एवढा जाळ नळीतून छतापर्यंत नेता, तो माझ्या इस्त्रीत आणता येत नाही का?”

भाऊजी शिडीवरच थांबले. त्यानंतर त्यांच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही.

ताई गेली. डॉक्टर म्हणाले फुप्फुसं, मी म्हणते कोळसा. भाऊजींनी काम थांबवलं नाही. मालकीणबाईंनी मागच्या अंगणातली शेड त्यांना वापरायला दिली. फिटरकीची कामं उरकली की ते तिथे जाऊन बसायचे. मी दुपारी त्यांच्यासाठी जेवण घेऊन जायचे. आई म्हणायची, “त्याला हात नाहीत का?” मी म्हणायचे, “हात आहेत, पण त्यात कानस आहे.”

खरं सांगायचं तर मला जायचंच असायचं. त्या शेडमध्ये बसून एका माणसाला काम करताना बघणं, यासाठी मी सकाळपासून दुपारची वाट बघायचे. काय काय बघितलं मी तिथे! पहिल्या इस्त्रीत ज्योत पिवळी जळायची आणि तळाला इतकी काजळी धरायची की कापडावर काळा पट्टा. मग त्यांनी नळीच्या तोंडाशी भोकं पाडली, गॅसमध्ये हवा मिसळायला. ज्योत निळी झाली, पण इस्त्री झटक्यात मागे ओढली की फट् करून आवाज यायचा आणि ज्योत उलटी नळीत शिरायची. मी किंचाळून टेबलाखाली. भाऊजी मात्र शांतपणे चावी बंद करायचे, मान हलवायचे. मग आत बारीक तारेची जाळी आली. मूठ तापायची, तर मुठीखाली पत्र्याचा पडदा आला. तो पडदा बसला त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, “आता तिच्या हाताला झळ लागणार नाही.” मी बरोबर आणलेलं जेवण गार होत होतं.

आईने मध्यंतरी एकदा विषय काढून बघितला होता. आईच ती, तिला माझ्याकडे बघून कळलं असणार. भाऊजी घरी आले होते तेव्हा ती म्हणाली, की तुम्ही एकटे, ही एकटी, माणसं एकाच घरातली. मी आतल्या खोलीत कानात प्राण आणून उभी. भाऊजींनी जराही राग धरला नाही. ते हळू आवाजात म्हणाले, “आई, ती जागा भरायची नाहीये मला.” एवढंच. मग त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या चावीची गळती बघितली आणि गेले. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी जेवण घेऊन शेडमध्ये गेले.

मला ती जागा नको होती हो. कुणाला सांगू? मला एवढंच हवं होतं, की या माणसाने एकदा, फक्त एकदा, मला बघावं. मला म्हणजे मलाच.

तर त्या दिवशी त्यांनी पुरी झालेली इस्त्री माझ्यापुढे ठेवली. चावी फिरवली, बाजूच्या भोकातून काडी आत घातली आणि आत भप् करून निळी ज्योत लागली. थोड्या वेळाने मी थुंकी लावलेलं बोट तळाला टेकवून बघितलं. चर्र. झकास तापली होती. मूठ तर इतकी देखणी, गुळगुळीत लाकडाची, आणि एका बाजूला अंगठा टेकायला हलकासा खळगा कोरलेला.

मी उजव्या हातात धरली आणि शर्टावर फिरवली.

नळी आडवी आली. ती इस्त्रीच्या मागच्या कोपऱ्यातून, डाव्या अंगाने निघत होती आणि माझ्या पोटापुढून कापडावर लोळत होती. मी नुकत्याच दाबलेल्या भागावर तिची घडी उमटली. मी डाव्या हाताने कापड ताणायला गेले तर त्याच बाजूच्या भोकांतून गरम वाफारा थेट बोटांवर. ज्योत कमी-जास्त करायची छोटी चावीही डावीकडे. आणि अंगठ्याचा खळगा माझ्या अंगठ्याखाली नव्हताच, तो पलीकडे होता.

मला सगळं तिथल्या तिथे कळलं. ताई डावखुरी होती.

इस्त्री तिच्या हातासाठी होती, नखशिखांत. डाव्या हातात धरली की नळी बाहेरच्या बाजूने अलगद खाली जाणार, वाफारा लांब उडणार, अंगठा खळग्यात बसणार. भाऊजींनी आयुष्यात एकाच बाईला इस्त्री करताना नीट बघितलं होतं आणि इस्त्री अशीच धरतात असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. आमच्या दालनात झाडून सगळ्या बायका उजव्या हाताच्या. हा माणूस रोज त्या दालनातून ये-जा करायचा!

“कशी वाटते?” त्यांनी विचारलं. त्यांच्या कपाळावर काजळीचा ठिपका होता आणि चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा.

माझी जीभ एरवी कुणाची भीड ठेवत नाही. त्या दिवशी तिला कुलूप लागलं. काय सांगणार होते? की तुम्ही नसलेल्या माणसासाठी इस्त्री केलीत?

“जड आहे जरा,” मी म्हटलं.

“जडच हवी. शनिवारी मालकीणबाई बघायला येणार आहेत. तूच करून दाखव. त्यांना पटली तर प्रत्येक टेबलापाशी गॅसचा नळ येईल, शेगडी कायमची बाहेर. नाही पटली तर शेड रिकामी करा म्हणाल्यात.” मग म्हणाले, “तुझ्याशिवाय कुणाच्या हातात देववत नाही मला.”

या एका वाक्यासाठी मी काय केलं असतं ते विचारू नका. मी डाव्या हाताने इस्त्री करायला शिकायचं ठरवलं.

तसं मला ते अगदीच नवं नव्हतं. ताई आणि मी एकाच टेबलाला समोरासमोर उभ्या राहायचो. मोठ्या चादरी, टेबलक्लॉथ आमच्याकडेच यायचे. बाकीच्या जोड्यांच्या इस्त्र्या एकमेकींच्या उलट्या दिशेला जायच्या आणि चादर दोन्हीकडून ओढली जायची. आमचं तसं नव्हतं. ती समोर उभी, तिचा डावा हात माझ्या उजव्या हाताच्या बाजूला. आमच्या इस्त्र्या बरोबर निघायच्या, बरोबर परतायच्या. वर्षानुवर्षं मी तो हात समोर बघितलेला. शेवटी कॉलरपाशी आली की ती इस्त्री किंचित उचलायची, मनगट वळवायची आणि मग टेकवायची. मला ते डोळे मिटूनही दिसायचं.

घरी मी थंड इस्त्री घेऊन जुन्या उशीच्या अभ्र्यावर सराव करायला लागले. पहिल्या दिवशी हात लाकडासारखा. दुसऱ्या दिवशी खांदा भरून आला. पण चार-पाच दिवसांत हात वळू लागला, आणि एका संध्याकाळी मनगटाची ती खास उचलही जमली. मी स्वतःवरच खूश होऊन वळले तर आई दारात उभी. तिच्या हातातला तांब्या तसाच कलला होता आणि पाणी फरशीवर सांडत होतं.

“काय गं?” मी विचारलं.

ती खाली बसली. म्हणाली, “पाठमोरी होतीस. मला वाटलं…” मग पदराला डोळे पुसून एकदम चिडून म्हणाली, “माझ्यासमोर पुन्हा करू नकोस हे.”

मी तेव्हाच थांबायला हवं होतं. पण शनिवार तोंडावर आला होता.

शनिवारी सकाळी दालनातल्या सगळ्या बायका हातातलं टाकून गोळा झाल्या. मालकीणबाई खुर्ची घेऊन बसल्या. त्या तशा वाईट नाहीत, फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघायची असते. खळ शिजवणाऱ्या मावशी पळी हातात घेऊनच आल्या होत्या. त्या लाँड्रीतल्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात आगाऊ.

“फुटली तर आधीच सांगा,” मावशी म्हणाल्या, “मी दाराशी उभी राहते.”

“तुमच्या खळीपेक्षा कमीच फुटते ती,” मी म्हटलं. बायका हसल्या. भाऊजींनी चावी उघडली, काडी आत घातली. मी हॉटेलचा एक शर्ट ओढला, पाणी शिंपडलं आणि इस्त्री डाव्या हातात घेतली.

बायका टेबलाजवळ सरकल्या. बायकांच्या लक्षात आलं होतं.

आणि काय सांगू, ती इस्त्री पाण्यासारखी चालली. नळी बाहेरून झुलत होती, कापडाला शिवत नव्हती. धूर नाही, राख नाही, शेगडीपाशी धावणं नाही. खळगा अंगठ्याला असा भेटला की जणू वाटच बघत होता. शर्टाची पाठ झाली, बाह्या झाल्या, कफ झाले. कॉलरपाशी आले आणि मनगट आपोआप वळलं, किंचित उचल, मग टेक. मावशींच्या हातातली पळी खाली आली. “अगं बाई,” त्या पुटपुटल्या, “तीच की.”

मी मान वर केली. भाऊजी भिंतीपाशी चावीवर हात ठेवून उभे होते आणि माझ्याकडे बघत होते.

असं त्यांनी माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. तोंड किंचित उघडं, डोळे भरलेले, आणि चेहऱ्यावर नुसती माया. इतकी वर्षं मी याच नजरेची वाट बघत होते. ती आली, माझ्यावर थांबली, आणि ती माझी नव्हती. ते माझ्या हाताकडे बघत होते आणि त्यांना ताई दिसत होती. मी तिथे नव्हतेच. मी माझ्याच हाताने मला पुसून टाकलं होतं.

“छान,” मालकीणबाई म्हणाल्या. “फारच छान. मला पसंत आहे. फिटरभाऊ, पुढच्या महिन्यात…”

“थांबा,” मी म्हटलं.

राग आला होता का? आला होता. भाऊजींचा, ताईचासुद्धा, गेलेल्या माणसाचा राग येतो म्हणून स्वतःचा. पण रागाच्या जोडीला दुसरंही होतं. माझ्यामागे उभ्या असलेल्या या सगळ्या बायकांच्या हातात उद्या ही इस्त्री येणार होती आणि त्यांच्या डाव्या हाताची सालटी निघणार होती. मला हव्या असलेल्या एका नजरेपायी.

मी दुसरा शर्ट ओढला, इस्त्री उजव्या हातात घेतली आणि रोजच्यासारखी फिरवली. नळी शर्टाच्या छातीवरून घसपटत गेली आणि ओल्या कापडावर ठळक वळ उमटला. डाव्या हाताने मी कापड ताणलं आणि वाफारा बसला तसा हात झटकला. बोटं लाल झाली. ती मी मालकीणबाईंपुढे धरली.

“हे काय गं?” त्या दचकल्या. “मघाशी तर…”

“मघाशी डाव्या हाताने केली. इथे डावखुरं कुणी नाही, बाई.”

“मग फिटरभाऊंनी ही केली कुणासाठी?”

मावशीच म्हणाल्या, “जिच्यासाठी केली ती आता नाही.”

मी भाऊजींकडे वळले. “भाऊजी, ही तिची इस्त्री आहे. आमच्या हातांची करा.”

मला वाटलं होतं ते चिडतील. निदान सगळ्यांदेखत तोंडावर पाडलं म्हणून बोलतील तरी. ते पुढे आले, इस्त्री उचलून बघितली, नळीवरून बोट फिरवलं, मग खळग्यावरून. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. “माझ्या लक्षातच आलं नाही,” ते म्हणाले, आणि चावी बंद करून, नळी सोडवून, ती गरम इस्त्री फडक्यात गुंडाळून, मागच्या दाराने निघून गेले.

त्यानंतर ते आलेच नाहीत. शेडला कुलूप. आम्ही पुन्हा शेगडीपुढे रांगेत आणि धुरात. आईने विचारलं तर मी म्हटलं, बरं झालं, एकदाची भानगड मिटली. मग वाळत घातलेल्या ओल्या चादरींच्या मधे जाऊन उभी राहिले. तिथे रडलं तर कुणाला दिसत नाही, आणि चादरीत तोंड खुपसलं तर ऐकूही येत नाही. अनुभवाने सांगते आहे. मला त्यांची आठवण यायची, ताईची यायची, आणि कुणाची जास्त येते आहे हे मलाच कळत नव्हतं. समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत मी चादरी एकटीने उरकत होते.

मग एके दुपारी भाऊजी शिडी घेऊन दालनात आले. म्हणाले, दिव्याची जाळी बदलायची आहे. दिवा धड होता. त्यांनी शिडी आमच्या टेबलाशी लावली, वर चढले, आणि वरच्या पायरीवर बसून राहिले.

“पडाल,” मी म्हटलं.

“तू काम चालू ठेव.”

“मग काय नाच करणार आहे?”

मी काम चालू ठेवलं. ते बघत होते, हे मला मानेच्या मागे जाणवत होतं. बराच वेळ गेला. मावशी दोनदा उगीचच येऊन गेल्या. मग वरून आवाज आला, “अंगठा असा का धरतेस?”

“कसा?”

“बाहेर काढून. मुठीला लागतच नाही तो.”

“आखडलेला आहे. लहानपणी भाजला होता, नीट वळत नाही.”

“मला माहीत नव्हतं.”

“तुम्ही विचारलंत कधी?”

ते शिडीवरून खाली उतरले आणि टेबलाच्या पलीकडे, ताईच्या जागी उभे राहिले. त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकले. “पहिल्यांदा इथे दिवे लावायला आलो ना, तेव्हा या शिडीवरूनच हे टेबल बघितलं होतं. दोघी होता तुम्ही. म्हणजे दोन हात होते, बरोबर जाणारे, बरोबर येणारे. हे मला आता आठवतंय. पण त्यातला एकच दिसतो मला, ठिणगे. गेले कित्येक दिवस मी दुसरा आठवून बघतोय. नाही आठवत.”

“मग आता बघून घ्या,” मी म्हटलं. मला हे ताठ मानेने म्हणायचं होतं, पण आवाज मधेच चिरकला.

“तेच करतोय,” ते म्हणाले.

ते दुपारभर बसले. त्यानंतरही रोज येऊ लागले, कधी या कोपऱ्यात, कधी त्या. एकेका बाईच्या मागे उभं राहून हात कसा जातो, कोपर कुठे येतं, कापड कोण कुठून ताणतं ते बघायचे. बायकांची चांगली करमणूक झाली. “आमच्याकडेही जरा बघा की फिटरभाऊ,” असं म्हणत त्या त्यांना चिडवायच्या आणि त्यांचे कान लाल व्हायचे. पण शेवटी ते आमच्या टेबलापाशी यायचे.

नवी इस्त्री झाली तेव्हा नळी ना डावीकडे होती ना उजवीकडे. ती मागच्या बाजूला बरोबर मधोमध उभी निघत होती आणि सरळ वर जाऊन छताच्या आकड्याला स्प्रिंगने टांगलेली होती. इस्त्री पुढे नेली की नळी उतरायची, मागे आणली की वर उचलली जायची, कापडाला शिवायचं नावच नाही. वाफाऱ्याची भोकं पुढे टोकाशी गेली होती. कुठल्याही हातात धरा, सारखीच. मावशींनी डाव्या हाताने चालवली, उजव्या हाताने चालवली, मग पळी मुठीत अडकवून चालवायला गेल्या तेव्हा मालकीणबाईंनीच थांबवलं. शेगडी त्या महिन्यात बाहेर गेली. खिडक्या उघडल्या तर त्यांचे गंजलेले कब्जे असे ओरडले की सगळ्या बायकांनी कानांवर हात ठेवले. मला वाटलं, ताई हे ऐकायला हवी होती.

सगळ्या टेबलांवर साध्या गोल मुठीच्या इस्त्र्या आल्या. माझी भाऊजींनी स्वतः आणली, त्याच जुन्या फडक्यात गुंडाळून.

“हिची मूठ निराळी आहे,” ते म्हणाले. “बघ.”

मूठ जुनीच होती. ताईसाठी घडवलेली. त्यांनी ती टाकली नव्हती, नवी केलीही नव्हती. तिच्या उजव्या अंगाला ताईच्या अंगठ्याचा खळगा तसाच होता. आणि डाव्या अंगाला आता दुसरा कोरला होता, वेडावाकडा, उथळ, जरा बाहेरच्या बाजूला झुकलेला. आखडलेल्या अंगठ्यासाठी. या जगात दुसऱ्या कुणालाही तो बसला नसता.

मी उजव्या हातात मूठ धरली. माझा अंगठा डावीकडच्या खळग्यात गेला आणि निवांत टेकला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आणि मुठीवरून वळून पलीकडे गेलेली माझी बोटं तिथल्या खळग्यात उतरली, जिथे तिचा अंगठा टेकणार होता.

“बसतो का?” भाऊजींनी विचारलं. ते माझ्या हाताकडे बघत होते, मग त्यांनी वर माझ्याकडे बघितलं.

“बसतो,” मी म्हटलं, आणि पहिली चादर ओढली. भाऊजी पलीकडे जाऊन तिचं दुसरं टोक धरून उभे राहिले.